उजनीवरची जुनी बोट आणि तिचा एक्झॉस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्र सोलापूरपासून लांब आहे, पण उजनी धरणामुळे आपल्याकडेही बोटी आल्या. मासेमारीच्या होड्यांबरोबर गेल्या काही वर्षांत करमाळा, माढा, इंदापूरच्या काठांवर जुन्या स्पीडबोटी दिसू लागल्यात. यातल्या बऱ्याच बोटी किनाऱ्यावर काही वर्षं राबून, रंगरंगोटी करून इकडे विकायला आलेल्या असतात. दुरुस्तीसाठी त्या माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या निम्म्या वेळी दुखणं एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनाचा जळालेला गॅस बाहेर नेणाऱ्या भागांचं, निघतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

इनबोर्ड-आउटबोर्ड म्हणजे नेमकी कुठली बोट? तिचा एक्झॉस्ट गाडीपेक्षा वेगळा कसा?

इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून बसवलेलं असतं, आणि पंखा (प्रोपेलर) फिरवणारा ड्राइव्ह भिंतीच्या बाहेर लटकतो. म्हणून इनबोर्ड-आउटबोर्ड. मर्क्रुझर आणि व्होल्व्हो पेंटा हे दोन ब्रँड आपल्याकडे जास्त दिसतात. इंजिन बहुतेक वेळा मूळचं जनरल मोटर्सचंच असतं, ३.० लिटरचं चार सिलिंडरवालं किंवा ४.३ लिटरचं सहा सिलिंडरवालं व्ही-सिक्स. त्यामुळे गाडीच्या फिटरला ते ओळखीचं वाटतं. चूक तिथेच होते, कारण ओळखीचं असतं ते इंजिन, एक्झॉस्ट नव्हे.

गाडीचा सायलेन्सर तापला तरी त्याला खालून वारा लागतो. बोटीत इंजिन बंद पेटीत असतं, बाजूला पेट्रोलची टाकी असते. म्हणून इथं एक्झॉस्टच पाण्यानं थंड करतात. सिलिंडरांतून निघणारा गॅस गोळा करणारा नळ म्हणजे मॅनिफोल्ड. त्याची भिंत दुहेरी असते : आतल्या पोकळीतून जळालेला गॅस जातो, बाहेरच्या पोकळीतून पाणी. मॅनिफोल्डच्या वर रायझर बसतो, त्यालाच काही जण एल्बो म्हणतात. गॅस त्यातून वर चढतो, वळसा घेतो आणि खाली उतरताना त्यात पाणी मिसळतं. मग गॅस आणि पाणी एकत्र रबरी होजमधून वाय-पाइपात, तिथून ड्राइव्हमध्ये आणि शेवटी पंख्याच्या मधल्या भोकातून पाण्याखाली बाहेर पडतं.

म्हणजे धावत्या इंजिनाच्या जळत्या गॅसपासून काही मिलिमीटरवर पाणी वाहत असतं, मध्ये फक्त बिडाची एक भिंत. ती भिंत गंजली की पाणी सरळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दिशेनं निघतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

बोट आता गोड्या पाण्यात चालणार. मग समुद्राच्या गंजाची काळजी कशाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. समुद्राच्या पाण्यात बिडाचे मॅनिफोल्ड-रायझर साधारण पाच ते सात वर्षं टिकतात, निगा नसेल तर त्याहून कमी. गोड्या पाण्यात तेच भाग वीस-वीस वर्षं चालल्याची उदाहरणं आहेत. पण बोट किनाऱ्यावर सहा वर्षं चालून उजनीत आली असेल, तर तिच्या रायझरचं आयुष्य तिथेच संपत आलेलं असतं. गोडं पाणी पुढचा गंज थोडा मंद करतं, झालेली झीज भरून काढत नाही. शिवाय खारं पाणी बिडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं, बोट ट्रेलरवर उभी असतानाही ते आतून खात राहतं.

बोट कुठल्या साली बनली हे विकणाऱ्याला सगळेच विचारतात. त्याआधी हे विचारा : रायझर शेवटचे कधी बदलले, आणि बिल आहे का? बिल नसेल तर बदललेले नाहीत असंच धरून चाला.

सौदा ठरण्याआधी काय बघायचं?

मालक उघडू देत असेल तर एक रायझर उघडा. चार बोल्टचं काम आहे, आणि नवं पॅकिंग आपल्या खर्चानं घालून देतो म्हणायचं. उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

गेल्या वेळी करमाळ्याकडच्या एका गृहस्थांनी घेतलेली बोट माझ्याकडे आली. गाद्या नव्या, बाहेरून पॉलिश इतकं की तोंड दिसावं. रायझर उचलून सिमेंटच्या फरशीवर उलटा केला, आणि कडक भाकरीचा चुरा पडावा तसे गंजाचे पापुद्रे पडले. मूठभर. पाण्याच्या ज्या खाचेत करंगळी जायला हवी, तिथं जेमतेम सायकलची तार गेली. मॅनिफोल्डच्या तोंडाशी, जिथे पाण्याची आणि गॅसची भोकं शेजारी-शेजारी येतात, तिथं मधली कड चाकूच्या पात्याइतकी बारीक झाली होती. त्या कडेवर तांबूस ओघळ होता, गॅसच्या बाजूला उतरलेला. पाणी आत जायला लागलं होतं, इंजिन अजून चालत होतं एवढंच.

उघडता येत नसेल तर बाहेरून या खुणा बघा : मॅनिफोल्ड आणि रायझरच्या सांध्यावर तांबडे किंवा पांढरे ओघळ, त्याच्याखाली रंग फुगलेला, होजच्या क्लिपा गंजलेल्या, आणि इंजिनावर ताजा ताजा रंग. आख्खं इंजिन जुनं आणि नेमका एक्झॉस्टच चकचकीत रंगवलेला असेल तर मी थांबतो. नंतर सगळे स्पार्क प्लग काढून ओळीनं मांडा. एखाद्या प्लगच्या टोकाला गंज किंवा तो बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरात पाणी येतंय. ऑइलची पट्टी काढून बघा : चहासारखं दुधाळ ऑइल म्हणजे पाणी खाली उतरलेलं आहे. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मोजा. आकडा किती आहे यापेक्षा सिलिंडरांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. एखादं बाकीच्यांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर कारण कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

विकणारा म्हणतो, "कूलंट आहे, समुद्राचं पाणी इंजिनात जातच नाही." मग चालेल ना?

अर्धं खरं असू शकतं. बंद कूलिंगचे, म्हणजे कूलंट आतल्या आत फिरवण्याचे, दोन प्रकार असतात. एकात कूलंट इंजिनाबरोबर मॅनिफोल्डमधूनही फिरतं. दुसऱ्यात ते फक्त ब्लॉक आणि हेडमध्ये फिरतं आणि मॅनिफोल्ड-रायझरमधून बाहेरचंच पाणी जातं. रायझरमध्ये तर दोन्ही प्रकारांत बाहेरचंच पाणी असतं. तेव्हा कूलंटची टाकी दिसली म्हणून एक्झॉस्टची तपासणी सोडायची नाही.

सेल्फ मारला की "ठक" आवाज येतो आणि इंजिन जागेवर अडकतं. बॅटरी उतरली का?

बॅटरी उतरली तर इंजिन कुंथत कुंथत फिरतं. चार्ज बॅटरीवर एकदाच "ठक" होऊन फिरणं थांबलं, तर हात चावीवरून काढा. सिलिंडरात पाणी भरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो, आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात एका बोटीवर मीच मालकाला म्हणालो, "अजून एकदा मारा." तिसऱ्या वेळी इंजिन फिरलं, चालूही झालं, आणि खालून खडखड सुरू झाली ती शेवटपर्यंत गेली नाही. उघडल्यावर सहा नंबरचा रॉड वाकलेला निघाला. आधी प्लग काढले असते तर एका पॅकिंगात आणि एका रायझरच्या जोडीत भागलं असतं. त्या माणसाचा पूर्ण हंगाम माझ्यामुळे गेला, हे मी विसरलेलो नाही.

आता मी असं करतो. इग्निशनची वायर काढून ठेवतो, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पेटी उघडून ब्लोअर (पेटीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवतो. सगळे प्लग काढतो, भोकांवर जाड फडकं धरायला सांगतो आणि मग सेल्फ मारतो. ज्या भोकातून पिचकारी उडते ते सिलिंडर लिहून ठेवतो. व्ही-सिक्समध्ये हे बहुधा मागचं असतं, पाच किंवा सहा, कारण रायझर त्याच टोकाला बसतो. पाणी निघालं की प्रत्येक भोकात दोन-चार चमचे इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवतो. खालचं ऑइल दुधाळ असेल तर लगेच बदलतो, थोडं चालवून पुन्हा बदलतो, पट्टीवर रंग स्वच्छ दिसेपर्यंत.

यात दिवस घालवू नका. सिलिंडरच्या भिंतीवर पाणी दोन-तीन दिवस राहिलं की रिंगा चिकटतात. "रविवारी बघू" म्हणून ठेवलेली इंजिनं मी जाम झालेली बघितली आहेत.

पाणी रायझरमधून आलं की हेड गॅसकेटमधून, कसं ओळखायचं?

हेडला हात लावण्याआधी मॅनिफोल्ड आणि रायझर खाली उतरवा. पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्यांनी बंद करून पोकळीत हवेचा दाब द्या, १० ते १५ पीएसआय पुरतो. दाब उतरला तर भाग पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतील. कॉम्प्रेसर नसेल तर खालची तोंडं बंद करून पाण्याच्या पोकळीत काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गॅसच्या वाटेत हाताचं बोट फिरवून बघा. ओल लागली की निकाल लागला.

दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तरच हेड गॅसकेटकडे वळायचं. जुनी बोट थंड देशातून आलेली असेल तर आणखी एक शंका धरावी लागते : तिकडे हिवाळ्यात ब्लॉकमधलं पाणी गोठून ब्लॉक तडकतो. सोलापूरच्या थंडीत तसं होत नाही, पण आधीच पडलेली तड इथं येऊन बरी होत नाही.

आणि सगळंच शाबूत असूनही पाणी आलं असेल तर मालकाची चालवण्याची पद्धत विचारा. पूर्ण वेगातून एकदम थ्रॉटल बंद केलं की मागची लाट बोटीवर चढते आणि एक्झॉस्टमधून पाणी वर ढकलते. रायझरचा वरचा कंठ पाण्याच्या पातळीपासून किमान फूटभर उंच हवा, तोही बोट माणसांनी भरलेली असताना. मागच्या बाकावर सहा जण बसवले की हे अंतर कमी होतं.

वेगवेगळ्या रंगाचा धूर येतो. त्याचा अर्थ?

काळा धूर पेट्रोल जास्त होत असल्याचा : चोक अडकलेला किंवा हवेची जाळी तुंबलेली. निळा धूर ऑइल जळल्याचा. हे दोन्ही एक्झॉस्टचे रोग नाहीत. पांढरी वाफ मात्र आपल्या विषयातली. डिसेंबरच्या सकाळी पहिली काही मिनिटं थोडी वाफ दिसली तर काळजी नाही. दुपारी, तापलेल्या इंजिनावर वाफेचे लोट येत असतील तर रायझरमध्ये पाणी पुरेसं पोचत नाही.

याची सोपी चाचणी हातात आहे. इंजिन चालू असताना रायझरखालच्या रबरी होजला हात लावा. कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर पाणी अडलंय, लगेच बंद करा. थर्मल गन असेल तर डावा आणि उजवा रायझर एकाच जागी मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर त्या बाजूची खाच गंजानं बुजलेली आहे. डॅशबोर्डावरचा काटा यात फसवतो. तो इंजिनाचं तापमान दाखवतो, रायझरचं नव्हे. काटा ७० अंशांवर शांत आणि होज जळायला आलेला, असं मी बघितलं आहे.

पावसाळ्यात ठीक चालते, उन्हाळ्यात एक्झॉस्ट तापतो. असं का?

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेलं की आपण पिण्याच्या आणि उसाच्या पाण्याची काळजी करतो. बोटवाल्यानं आणखी एक काळजी करावी. पाणी उतरलं की काठाचा गाळ, शेवाळ, जलपर्णीच्या मुळ्या ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या जाळीशी येतात. धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं त्या दिवसांत माझ्याकडे तापलेल्या इंजिनांची रांग लागते. गाळ जाळी तुंबवतो, आत गेलेला बारीक रेतीचा कण पंपातल्या रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती झिजवतो. पातं तुटलं की तुकडे पुढे जाऊन थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) डब्यात किंवा रायझरच्या तोंडाशी अडकतात.

म्हणून इंपेलर बदलताना पाती मोजा. सहापैकी चारच सापडली तर उरलेले दोन तुकडे सापडेपर्यंत होज उघडत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सोडलं तर महिनाभरात तीच तक्रार परत येते. मर्क्रुझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये पंप ड्राइव्हच्या आत असतो, ब्राव्होमध्ये इंजिनावर पट्ट्यानं फिरतो. दरवर्षी बदला, निदान दोन वर्षांनी तरी.

थोडीशीच तापते. दोन फेऱ्या तशाच मारल्या तर?

मारू नका. होज कोरडा तापला की रबर जळतं, आणि जळलेल्या होजमधून गॅस आणि पाणी दोन्ही इंजिनाच्या पेटीत येतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इंजिन धरणाच्या मध्यावर बंद पडतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशीच्या वाटेवर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. ती दुर्घटना वाऱ्याची होती. पण वळवाच्या दिवसांत उजनीवर वारा किती झटक्यात उठतो हे सगळ्यांनी बघितलं. अशा वाऱ्यात चालू इंजिन असलेल्या बोटीला निदान तोंड वळवता येतं. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, बाकाखाली ठेवून नव्हे.

इंजिन चालू होतं, पण ताकद लागत नाही. एक्झॉस्ट तुंबला असेल?

असू शकतो. होजच्या आत किंवा वाय-पाइपात रबराच्या झडपा असतात, त्या पाणी उलटं येऊ देत नाहीत. बोट कधी तापली असेल तर या झडपा जळून सुटतात आणि वाटेत आडव्या पडतात. होज काढून टॉर्चनं बघा, पाच मिनिटांत कळतं. झडप नुसती काढून टाकून बोट चालवू नका, नवी बसवा.

सोलापुरात काय होतं आणि काय बाहेरून मागवावं लागतं?

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीकडे चांगले लेथ आणि ग्राइंडिंगवाले आहेत. मॅनिफोल्डचा चेहरा थोडा वाकडा असेल तर सरफेस ग्राइंडरवर फेसिंग करून (घासून सपाट करून) घेता येतं. तुटलेला बोल्ट काढणं, आटे नव्यानं पाडणं, हेही होतं.

वेल्डिंग मात्र नाही. बाहेरची तड निकेल रॉडनं भरता येते, पण पाणी आत जातं ते आतल्या भिंतीतून, तिथं कुणाचाच रॉड पोचत नाही. अ‍ॅसिडनं धुऊन गंज काढायचा सल्लाही मिळतो. समुद्रात चाललेल्या जुन्या बिडावर मी तो करत नाही. तिथं गंजच कधी कधी भोक बुजवून बसलेला असतो, अ‍ॅसिड ते उघडतं.

मॅनिफोल्ड, रायझर, पॅकिंग आणि एक्झॉस्टचा तारवाला मरीन होज मुंबई, गोवा किंवा कोचीहून मागवा. रेडिएटरचा होज तिथं बसतो, टिकत नाही. सेल्फ आणि अल्टरनेटरही मरीनच घ्या : गाडीच्या सेल्फची ठिणगी उघडी असते, आणि बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते. म्हणूनच इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवायचा असतो.

नवे रायझर बसवताना लोक कुठे चुकतात?

एकच बाजू बदलतात. दोन्ही बाजूंनी सारखंच पाणी प्यालेलं आहे, दोन्ही बदला. दुसरी चूक, सिलिकॉन थापतात. ते दाबून आत निघतं आणि पाण्याची खाच बुजवतं. पॅकिंग पुस्तकात सांगितलं तसं, बहुधा कोरडंच बसतं. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढा, बोल्ट आडव्या क्रमानं दोन टप्प्यांत टॉर्क पान्यानं कसा, आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर पुन्हा तपासा. होजच्या प्रत्येक टोकाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा हव्यात.

एक्झॉस्ट गळतोय हे शोधायला उदबत्तीचा धूर चालेल का?

नाही. पेट्रोल इंजिनाच्या पेटीत जळतं काहीही न्यायचं नाही. काजळीचे डाग शोधा, आणि सांध्याजवळ टिश्यू कागदाची पट्टी काठीला बांधून धरा. पट्टी फडफडली तिथे गळती.

डोकं दुखतं, मळमळतं. ऊन लागलं असेल ना?

सोलापूरच्या मे महिन्यात सगळे असंच समजतात, म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो. पेट्रोल इंजिनाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बोट पुढे जाताना मागे हवेची पोकळी होते आणि गॅस पुन्हा बोटीत ओढला जातो, विशेषतः उन्हासाठी ताडपत्री बांधली असेल तर. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणं उन्हासारखीच दिसतात. फरक असा बघा की मागे बसलेल्यांनाच त्रास होतोय का, आणि एकापेक्षा जास्त जणांना एकदम होतोय का. तसं असेल तर इंजिन बंद करून सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना बोटीच्या धुराचं आवर्जून सांगा. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, पोरांनी पाय सोडून तर मुळीच नाही.

ड्राइव्हजवळचा रबरी भाता फाटलाय. बोट बुडेल का?

कुठला, ते बघा. एक्झॉस्टचा भाता फाटला तर आवाज वाढतो, पाणी बोटीत येत नाही. शाफ्टचा किंवा गिअर केबलचा भाता फाटला तर येतं, आणि अशा बोटी काठाला बांधलेल्या बुडतात. ड्राइव्ह उतरवलाच आहे तर तिन्ही एकदम बदला.

अंगणात ट्रेलरवर चालू करून बघता येतं का?

येतं, पाणी लावूनच. ड्राइव्हच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी रबरी कप बसवून नळी जोडायची, आधी पाणी, मग चावी. कोरडं इंजिन अर्धा मिनिट चाललं तरी इंपेलर जळू शकतो. निदान दहा मिनिटं चालू द्या, थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय पाणी सगळीकडे फिरत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा तो रायझरमध्येही बसतो. टाकीत साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी वापरा. बोट दोन महिने उभी राहणार असेल तर मॅनिफोल्डच्या खालचे निचऱ्याचे बूच काढून ठेवा आणि ते बूच चावीच्या जुडग्याला बांधा, म्हणजे पुढच्या वेळी बूच लावल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही.